घाबरट सशांसाठी रत्नागिरीतला दवाखाना: पोट, केस, नखं सगळं एकाच ठिकाणी (५ पैकी साडेचार)

रत्नागिरी आणि आसपास ससे पाळणारे आता बरेच झालेत, पण सशाला नीट हात लावणारा डॉक्टर मिळणं किती कठीण आहे ते ज्याच्या घरी ससा आहे त्यालाच माहीत. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा यांच्यासाठी कोणी ना कोणी भेटतं. ससा म्हटलं की एकतर "कोल्हापूरला न्या" नाहीतर "मुंबईत परळला दाखवा". आता आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं म्हणजे तीन-साडेतीन तास कुठे जात नाहीत, आणि ज्याचं पोट आधीच बंद पडलंय असा ससा त्या वळणांवर गाडीच्या हॉर्नने आणखी आखडून बसतो. त्यामुळे आपल्या शहरात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर असा दवाखाना आहे हे मी सगळ्यांना ओरडून सांगेन, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

आमच्याकडे दोघं आहेत. बुंदी, सशीण, ठिपक्यांची, प्रचंड घाबरट, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली. आणि कापूस, लांब केसांचा, अंगोरा मिक्स, तो तसा शांत पण कोणी उचललं की लाथा झाडतो. दोघांचं दुखणं वेगळं, एकाचं पोट आणि एकाचे केस, आणि इथल्या डॉक्टर मॅडमकडे गेल्यावर कळलं की ते तसं वेगळं नाहीच, घाबरट सशाची भीती, त्याचं पोट आणि त्याचे केस हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, एकाला हात घातला की बाकीचं दोन्ही हलतं. मॅडम तपासतात, औषध देतात, केस विंचरतात, सगळं हेच डोक्यात ठेवून करतात, आणि मला इथलं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

आधी दवाखान्याबद्दल. सशांना दुपारची वेळ देतात, जेव्हा कुत्रे नसतात. फोन करून गेलात तर. न सांगता संध्याकाळी गेलात तर बाहेरच्या बाकावर शेजारी भुंकणारा कुत्रा असणार आणि तुमचा ससा पिंजऱ्यातच गार पडेल, तेव्हा फोन कराच. आत स्टीलचं टेबल आहे पण सशाला त्यावर ठेवत नाहीत. मॅडम सरळ खाली बसतात, जमिनीवर रबरी मॅट, त्यावर टॉवेल, आणि पिंजऱ्याचं दार उघडून वाट बघतात. पहिल्यांदा मला वाटलं काय चाललंय, पाच-सात मिनिटं नुसत्याच बसल्या, माझ्याशी बोलत होत्या, काय खातो, लेंड्या कशा आहेत, पाणी वाटीतून पितो की बाटलीतून, आणि तेवढ्यात बुंदी स्वतःच नाक हलवत बाहेर आली. मग एक तळहात डोळ्यांवरून कपाळावर आणि दुसरा मागच्या भागाखाली, असं धरून पोटाला स्टेथोस्कोप लावला. स्टेथोस्कोपची चकती आधी हातात धरून गरम केली होती हे मी बघितलं.

उताणं कधीच करत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच व्हिडिओत सशाला पाठीवर झोपवून "बघा कसा शांत झाला" दाखवतात. तो शांत झालेला नसतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर प्राणी जसा मेल्यासारखा पडून राहतो तसा पडलेला असतो, आतून काळीज धडधडतच असतं. आणि तसं धरलेलं असताना अचानक जोरात लाथ मारली तर सशाचा कणा मोडू शकतो, त्यांची हाडं हलकी असतात आणि मागच्या पायात ताकद भरपूर. नखं कापतानासुद्धा मॅडम त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर सरळच बसवतात आणि एकेक पाय बाहेर काढतात.

आता बुंदीच्या पोटाचं. गणपतीत आमच्याकडे घर भरलेलं असतं, मुंबईहून चाकरमानी, मुलं, आरतीला झांजा, रात्री वाडीत भजन, विसर्जनाला फटाके. त्यात ते दिवस तिचे केस गळण्याचे पण होते. ती आधी पाला खायची कमी झाली, मग गवताला तोंडच लावेना, आणि कोपऱ्यात अंग आकसून, डोळे अर्धे मिटून बसली, बारीक करकर ऐकू येत होतं, ती दात खात होती. एरवी वाटाण्याएवढ्या असतात त्या लेंड्या मिरीएवढ्या झाल्या होत्या आणि दोन-तीन एकमेकींना केसाने जोडलेल्या, माळेसारख्या लटकत होत्या. फोनवर एवढं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "ताई, उद्या नको, आत्ता आणा." विसर्जनाचा दिवस होता, तरी दवाखाना उघडला.

सशाचं पोट म्हणजे सतत चालू राहायला हवं असं यंत्र. त्याला उलटी होत नाही, आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं. घाबरला, कुठे दुखलं, गरमी झाली, की आतड्यांची हालचाल मंदावते, आतला चारा सुकतो, त्यात गिळलेले केस अडकून घट्ट गोळा होतो, गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखलं की खात नाही, आणि खाल्लं नाही की आतडी अजूनच थंडावतात. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. ससा दहा-बारा तास काहीच खात नाही आणि लेंडी टाकत नाही म्हणजे इमर्जन्सी, सकाळपर्यंत बघू असं म्हणायची ती वेळ नाही. आणि लोक ज्याला केसांचा गोळा अडकला म्हणतात तो बहुतेक वेळा कारण नसतो, परिणाम असतो. पोट नीट चालू असेल तर चाटताना गिळलेले केस रोज निघून जातात.

मॅडमनी आधी ताप बघितला. सशाचं नॉर्मल साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस, बुंदीचं ३८ च्या खाली आलं होतं. मला वाटलेलं आता लगेच काहीतरी भरवतील, तर नाही, आधी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि कातडीखाली कोमट सलाईन दिलं. थंड पडलेल्या सशाच्या तोंडात अन्न कोंबायचं नसतं, आधी अंग उबदार करायचं. मग दुखण्याचं इंजेक्शन. मग पोट चाचपलं, दाबलं तर बोट जरा रुतत होतं, फुगून टणक झालेलं नव्हतं. हे बघणं फार महत्त्वाचं असं त्यांनी सांगितलं, कारण पोट ढोलासारखं ताणलेलं आणि ससा अचानक आडवा पडलेला असेल तर आत खरंच कुठेतरी अडकलेलं असू शकतं, तेव्हा एक्स-रे काढल्याशिवाय आतडी हलवायचं औषध द्यायचं नाही आणि भरवायचंही नाही.

अंग गरम झाल्यावर क्रिटिकल केअर, म्हणजे गवताच्या भुकटीची पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवून सिरिंजने. कशी द्यायची ते दाखवलं. समोरून नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला जी मोकळी जागा असते तिथून सिरिंजचं टोक आडवं घालायचं, एका वेळी अगदी थोडं, चावून गिळलं की पुढचं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. पहिले दोन घोट त्यांनी दिले आणि मग सिरिंज माझ्या हातात दिली, कारण घरी मलाच करायचं होतं, आणि माझा हात कुठे चुकतोय ते बघत बसल्या. वजन करून किती द्यायचं ते कागदावर मराठीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटीत चार लेंड्या दिसल्या, ओबडधोबड, केसाळ, पण लेंड्या. घरात सगळ्यांना उठवून सांगितलं.

अँटिबायोटिक दिलं नाही, गरज नव्हती. हे वेगळं सांगण्याचं कारण, आधी एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, कापसाला शिंका येत होत्या म्हणून अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध लिहून दिलं होतं, माणसांच्या मुलांना देतात तसलं. ते मॅडमना फोनवर विचारलं म्हणून वाचलो. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, आणि त्यात ससा दगावतो. तसंच कुत्र्यांच्या गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध, त्यातलं फिप्रोनिल सशाला विष आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गोचीड भरपूर, घरात कुत्रा असला की तीच ट्यूब सशाला लावायचा मोह होतो. अजिबात नको, सशाला चालणारं वेगळं औषध असतं, ते वजनावर ठरवून डॉक्टरच देतील.

कापसाचं पोट वेगळ्या तऱ्हेचं. त्याच्या मागे कायम मऊ, चिकट, वास येणारं काहीतरी चिकटलेलं असायचं आणि आम्ही जुलाब समजत होतो. ससा दोन प्रकारचं टाकतो, एक कोरड्या गोल लेंड्या आणि दुसरं मऊ चकचकीत घोस, ते तो थेट तोंडाने उचलून परत खातो कारण त्यातच त्याचे जीवनसत्त्व आणि प्रथिनं असतात. खाऊ जास्त आणि गवत कमी झालं की हे मऊ वालं जास्त होतं किंवा खायचं राहून जातं आणि केसात चिकटतं. उपाय काय तर गोळ्या म्हणजे पेलेट कमी, गवत भरपूर, आणि चपाती, बिस्किट, पोहे बंद. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने काहीतरी भरवतो, मे महिन्यात तर आंब्याची फोड. सासूबाईंना मॅडमनी स्वतः समजावलं, "आजी, तुमचं बरोबर आहे, त्याला आवडतं, पण त्याच्या पोटातले जंतू साखरेने बिघडतात, तुम्ही दुर्वा द्या." त्या दिवसापासून सासूबाई स्वतः परड्यातून दुर्वा खुडून, धुऊन, पाणी निथळवून देतात, आणि कोणी बिस्किट पुढे केलं की त्याच आधी ओरडतात. पाण्यासारखे पातळ जुलाब मात्र वेगळे, विशेषतः छोट्या पिल्लाला झाले तर त्याच दिवशी पळायचं.

आता केस. इथे ग्रूमिंग असं बोर्डावर लिहिलंय, म्हणून काही लोक अंघोळ घालून आणायला येतात, त्यांना मॅडम सरळ परत पाठवतात. सशाला अंघोळ नाही म्हणजे नाही. भिजला की तो एवढा घाबरतो की काही ससे त्या धक्क्यानेच जातात, आणि आपल्या पावसाळी हवेत ते दाट केस मुळापासून वाळायला तासन् तास लागतात, खाली कातडीला बुरशी धरते. घाण झालेली जागा असेल तेवढीच ओल्या कापडाने पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

कापसाच्या काखेत आणि शेपटीखाली जटा झाल्या होत्या, बोटाला टणक लागायच्या. कात्री लावायला गेलं की कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते, सशाची कातडी फार पातळ असते. मॅडमनी जटेच्या मुळाशी, कातडीला लागून दोन बोटं धरली, म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही, आणि बारीक दात्यांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे येत येत थोडी थोडी सोडवली, जी सुटेना ती आवाज न करणाऱ्या छोट्या ट्रिमरने काढली. ट्रिमर आधी नुसता बंद अवस्थेत त्याच्या अंगावरून फिरवला, मग लांब ठेवून चालू केला, मग जवळ. मध्येच तो जोरात श्वास घ्यायला लागला तर थांबल्या, कोथिंबिरीची काडी पुढे केली. त्याने खाल्ली तर पुढे काम, नाही खाल्ली तर आजचं पुरे. खाणं हेच त्यांचं मीटर, घाबरलेला ससा समोर आवडतं असलं तरी खात नाही. त्या दिवशी एकच काख झाली आणि बाकीचं पुढच्या वेळी, पैसेही तेवढ्याच कामाचे घेतले. एकाच बैठकीत सगळं उरकून मोकळं व्हायचं असेल त्यांना हे आवडणार नाही कदाचित, मला आवडलं, कारण घरी आल्यावर तो लगेच गवताला लागला.

घरी रोज काय करायचं तेही शिकवलं. केस गळतीच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोनदा, हात किंचित ओला करून अंगावरून फिरवला तरी सुटे केस निघतात, बुंदीला ब्रशची भीती वाटते तर तिला हेच. जमिनीवर बसून, ती स्वतः जवळ आली की, दोन मिनिटं. तिला पकडून आणून विंचरायचं नाही.

पावसाळ्यात शेपटीखाली दिवसातून दोनदा बघायला सांगितलंय. हे कोकणातल्या प्रत्येकाने वाचावं. चिकटलेल्या घाणीवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होऊन जिवंत सशाचं मांस खायला लागतात. वाचायला भयंकर वाटतं आणि आहेच. एक जरी अळी दिसली तरी घरी तेल-हळद लावत बसू नका, उचला आणि आणा.

गवताबद्दल थोडं, कारण इथे विकायलाही ठेवतात. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत मोठ्या पॅकमधून काढून छोट्या पिशवीत देतात, उघडून वास घेऊ देतात, हे फार चांगलं, कारण ऑनलाइन मागवलेलं जुलै-ऑगस्टमध्ये आलं तर कधी कधी आत दमट, कुबट वास, काळे ठिपके. बुरशी धरलेलं गवत सशाला द्यायचं नाही, झटकून उन्हात टाकून सुद्धा नाही. घरी मी पत्र्याच्या डब्यात ठेवते, जमिनीपासून वर, आणि ऊन पडलं की पसरून ठेवते. भाताचा पेंढा बसायला चालतो पण त्यावर पोट भागत नाही. लसूणघास म्हणजे ल्युसर्न मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त. ताजं म्हणाल तर दुर्वा, जास्वंदीची पानं-फुलं, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. अळू नाही, कण्हेर नाही, आणि कुंपणाच्या घाणेरीपासून तर लांबच.

तक्रारी. एक्स-रे मशीन इथे नाही, दुसरीकडे पाठवतात, आणि त्या धावपळीत घाबरट सशाचे हाल होतात. दाढा वाढून जिभेला-गालाला टोचत असतील तर त्या घासायचं कामही इथे होत नाही, कोल्हापूर गाठावंच लागतं, आणि न खाणाऱ्या सशात दाढा हे मोठं कारण असतं. गवत भर पावसात संपतं आणि आठवडाभर येत नाही, तेव्हा जूनमध्येच घेऊन ठेवा. रात्री फोन नेहमी लागेलच असं नाही. पायऱ्या उंच आहेत आणि पावसात शेवाळ असतं, पिंजरा घेऊन चढताना जपून. अर्धा स्टार ह्या सगळ्याचा कापलाय. फी म्हणाल तर कुत्र्याच्या तपासणीएवढीच, ससा म्हणून जास्त नाही आणि "छोटा प्राणी" म्हणून दोन मिनिटांत उरकणंही नाही.

जाणार असाल तर पिंजऱ्यावर पातळ सुती फडकं टाका, हवा जाईल असं, आत त्याच्या रोजच्या पेटीतलं थोडं गवत ठेवा, वासाने धीर येतो. दोन ससे जोडीने राहत असतील तर दोघांनाही न्या, मॅडम स्वतः सांगतात, एकटा आलेला जास्त घाबरतो आणि परतल्यावर वेगळा वास येतो म्हणून दुसरा भांडतो. उपाशी अजिबात नेऊ नका, ऑपरेशन असलं तरी नाही, सशाला उलटी होत नाही त्यामुळे पोट रिकामं ठेवायची गरजच नसते. आणि आदल्या दिवसाच्या लेंड्या एका डबीत घालून न्या, त्या पहिलं तेच मागतात.